पुढच्याची ठेच आणि बाजारातला मागचा

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीवर आपली निम्मी शिकवण उभी आहे. बांधावरून चालताना पुढच्याला दगड लागतो, तो कळवळतो आणि मागचा पाऊल बाजूला टाकतो. अल्पकालीन ट्रेडिंग शिकायला निघालेला तरुणही याच भरवशावर निघतो. इंट्राडे, स्विंग, ऑप्शन्स यांवरची पुस्तके दुकानांत रचलेली आहेत. मुरलेल्या ट्रेडरांच्या मुलाखती आहेत, मित्रांचे गट आहेत, शनिवार-रविवारचे क्लास आहेत. शंभर वर्षांच्या ठेचा छापून तयार आहेत, तरी मागून येणारे त्याच दगडांना अडखळतात. असे का होते आणि या साऱ्यातून खरोखर काय शिकता येते, याचा हा आढावा.

आधी आकडे पाहू. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. खर्च धरून प्रत्येकाचा सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये होता आणि सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, हे प्रमाण ९१ टक्के राहिले, पण त्या एका वर्षाचाच एकूण तोटा १,०५,६०३ कोटींवर गेला. रोखीच्या बाजारातले इंट्राडेही फारसे वेगळे नाही. तिथे २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जणांनी पैसे गमावले. या ट्रेडरांत तिशीच्या आतल्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये १८ टक्के होता, चार वर्षांत तो ४८ टक्के झाला. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या ट्रेडरांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

'नवखे बुडतात, अनुभवी तरतात' असे यावर म्हटले जाते. पण ब्राझीलच्या तीन अभ्यासकांनी निर्देशांकाच्या वायद्यांत डे-ट्रेडिंग सुरू करणाऱ्यांचा माग काढला. ३०० दिवसांहून अधिक काळ चिकाटीने सौदे करणाऱ्यांपैकी ९७ टक्के तोट्यातच होते. तैवानमधल्या १९९२ ते २००६ या काळातल्या डे-ट्रेडरांच्या अभ्यासात खर्च वजा जाता सातत्याने नफा काढणारे एक टक्क्याहून कमी निघाले. म्हणजे नुसता सराव इथे शहाणपण देत नाही. आपली म्हण खरी ठरायला तीन अटी लागतात. पुढचा मोठ्याने ओरडला पाहिजे, दगड जागेवर राहिला पाहिजे आणि मागच्याने खरोखर पाऊल बदलले पाहिजे. बाजारात या तिन्ही अटी कितपत पुऱ्या होतात, ते एकेक करून पाहू.

पुढचा ओरडतो का?

ट्रेडिंगवरच्या सर्वांत टिकाऊ पुस्तकात पुढचा मनापासून ओरडला आहे. एडविन लेफेव्र यांचे 'रेमिनिसेन्सेस ऑफ अ स्टॉक ऑपरेटर' १९२३ मध्ये निघाले. नायकाचे नाव बदललेले असले तरी गोष्ट जेसी लिव्हरमोर या अमेरिकी सटोडियाची आहे. पोरवयात दलालाच्या फळ्यावर भाव लिहिणारा हा मुलगा 'बकेट शॉप'मध्ये सौदे करू लागला. शेअर प्रत्यक्ष घ्यायचा नाही, फक्त भावावर पैज लावायची, असा तो प्रकार होता. आपल्याकडचे बेकायदा 'डब्बा' ट्रेडिंग ते हेच. पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग कापसाच्या सौद्याचा आहे. एका जाणकाराच्या बोलण्याला भुलून तो फायद्यातला गहू विकतो आणि तोट्यातला कापूस धरून बसतो, वर त्यात भर घालत जातो. 'तोटा कापा, नफा वाढू द्या' हे त्याला पाठ होते. तरी तो चुकला आणि हे त्याने लपवले नाही.

पुस्तकाबाहेरची गोष्ट याहून कडू आहे. १९२९ च्या घसरणीत लिव्हरमोर यांनी मंदीचे सौदे करून प्रचंड पैसा केला आणि १९३४ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. १९४० मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने ट्रेडिंगचे पुस्तक लिहिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात स्वतःवर गोळी झाडून घेतली. नियम ठाऊक असणे आणि नियम पाळणे यांत किती अंतर असते, याचा याहून मोठा धडा ट्रेडिंगच्या साहित्यात नाही.

आपल्या मुंबईनेही असा एक दस्तऐवज दिला आहे. अमेरिकी यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६० च्या दशकात मुंबईत शेअरांचे वेड पसरले. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या पुढे गेला. यादवी संपली, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याला देणी फिटेनात. दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये या पर्वावर पुस्तक लिहिले. ट्रेडिंग कसे करावे हे त्यात नाही. गर्दी कशी बुडते हे मात्र आहे, आणि शिकणाऱ्याला तेच आधी कळायला हवे.

पण अशी पुस्तके थोडी. जास्त खपतो तो जिंकलेल्यांचा अनुभव. जॅक श्वागर यांचे १९८९ चे 'मार्केट विझर्ड्स' हे यातले सर्वांत प्रामाणिक. मुलाखती देणारे खरोखर यशस्वी होते आणि श्वागर यांनी त्यांना त्यांच्या तोट्यांविषयीही खोदून विचारले. तरी सगळ्या मुलाखती एकापाठोपाठ वाचल्या की वाचक गोंधळतो. जिम रॉजर्स चार्टवाल्यांना मोजत नाहीत, तर मार्टी श्वार्ट्झ चार्टकडे वळल्यावरच श्रीमंत झाल्याचे सांगतात. पद्धती एकमेकींना छेद देतात. सारख्या आहेत त्या दोनच गोष्टी: प्रत्येक जण आधी किती गमावू शकतो हे ठरवतो, आणि प्रत्येकाची पद्धत त्याच्या स्वभावाला जुळणारी आहे. यांतली पहिली उसनी घेता येते, दुसरी येत नाही.

आता आपल्या फोनवर येणाऱ्या अनुभवांकडे वळू. सेबीच्या अभ्यासातल्या १ कोटी लोकांपैकी ९३ टक्के बुडाले म्हणजे ७ टक्के तरले. पण १ कोटीचे ७ टक्के म्हणजे ७ लाख माणसे. ७ लाख नफ्याचे स्क्रीनशॉट, ७ लाख 'मी नोकरी सोडली'च्या गोष्टी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाच्या पारावर बरेच जण बसवता येतील इतके हे जिंकलेले आहेत. त्यांतला प्रत्येक जण खरे बोलत असला, तरी ऐकणाऱ्याची समजूत खोटीच होते, कारण उरलेले ९३ लाख गप्प आहेत. तोटा माणूस बायकोलाही सांगत नाही, मग गटात कुठून सांगणार? १ लाखाहून जास्त निव्वळ नफा मिळवणारे तर त्या अभ्यासात जेमतेम १ टक्का होते.

शिकवणाऱ्याची पारख करायची तर शिकागोतली एक खरी शाळा डोळ्यांपुढे ठेवावी. वायदे बाजारातले रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांच्यात वाद होता: ट्रेडिंग शिकवता येते की नाही? डेनिस म्हणत येते. १९८३ च्या अखेरीस त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन उमेदवार निवडले आणि दोन आठवडे शिकवले. याच उमेदवारांना पुढे 'टर्टल' म्हणू लागले. नियम साधे होते. भावाने गेल्या २० किंवा ५५ दिवसांचा उच्चांक ओलांडला की खरेदी, नीचांक तोडला की विक्री, आणि बाजाराच्या चढउताराच्या मापाने सौद्याचा आकार. बहुतेक सौदे तोट्यात जात, थोडे मोठे सौदे सगळे भरून काढत. यांतल्या अनेकांनी कोट्यवधी डॉलर कमावले. पण नियम सर्वांना तेच असूनही निकाल सारखे लागले नाहीत, कारण काहींच्या हातून नियम सुटले. खुद्द डेनिस यांनाही १९८८ च्या सुमारास मोठ्या तोट्यानंतर ग्राहकांचे पैसे सांभाळणे थांबवावे लागले.

या शाळेत गुरूने शिष्यांकडून फी घेतली नाही. उलट त्यांच्या हाती स्वतःचे पैसे दिले. शिष्य चुकला तर गुरूचा खिसा हलका होणार होता. क्लास निवडताना हाच प्रश्न विचारावा: मी चुकलो तर यांचे काय जाते? फी घेऊन मोकळ्या होणाऱ्याचे काहीच जात नसेल, तर त्याच्या शिकवण्यामागे ट्रेडिंगची नव्हे, फीची कमाई आहे, असे समजायला हरकत नाही. शिकवण्याच्या नावाखाली टिप देण्याचा धंदा फोफावल्यामुळेच सेबीने जानेवारी २०२५ मध्ये अट घातली, की नुसते शिक्षण देणाऱ्यांनी शेअरांची नावे आणि चालू भाव दाखवून सल्ला द्यायचा नाही. उदाहरणांसाठी किमान तीन महिने जुने भाव वापरायचे.

दगड जागेवर राहतो का?

दुसरी अट आणखी अवघड. चार्टची पुस्तके असे धरून चालतात, की काल जिथे दगड होता तिथेच तो उद्याही असेल. रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मॅगी यांचा १९४८ चा ग्रंथ, जॉन मर्फी यांचे पाठ्यपुस्तक, जपानी तांदूळ व्यापाऱ्यांची कॅंडलची रीत १९९१ मध्ये इंग्रजीत आणणारे स्टीव्ह निसन, हे या शाखेचे आधार. सपोर्ट, रेझिस्टन्स, ट्रेंड, व्हॉल्यूम ही भाषा त्यांच्यामुळेच रुळली आणि भाषा म्हणून ती शिकायलाच हवी. चार्ट वाचता न येणारा अल्पकालीन ट्रेडर म्हणजे नकाशा न वाचता येणारा गाडीवान.

पण नकाशात भविष्य नसते. बर्टन मल्किएल यांनी १९७३ च्या पुस्तकात सांगितले आहे, की त्यांनी विद्यार्थ्यांना नाणे उडवून चार्ट काढायला लावले आणि त्यांतही ओळखीच्या आकृत्या उमटल्या. दुसऱ्या बाजूला अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात काही आकृत्यांत थोडी माहिती असते, असेही दिसले. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. आकृतीत माहिती असणे आणि त्या माहितीतून खर्च भागवून नफा उरणे, यांत मोठी दरी आहे.

ही दरी गणिताने दिसते. समजा रोज १ लाखाचा शेअर इंट्राडेमध्ये घेतला आणि विकला. सवलतीच्या ब्रोकरकडेही दोन्ही बाजूंचे ब्रोकरेज, विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा कर), एक्स्चेंजचे शुल्क, मुद्रांक आणि जीएसटी मिळून साधारण ८० रुपये जातात. क्षुल्लक वाटतात. दिवसाला असे दोन सौदे आणि वर्षाला बाजाराचे साधारण २५० दिवस धरले, तर ४०,००० रुपये झाले. म्हणजे १ लाखाच्या भांडवलावर ४० टक्के कमावले तेव्हा कुठे शून्यावर आलो. सेबीच्या इंट्राडे अभ्यासात वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांपैकी ८० टक्के तोट्यात होते, हे यानंतर आश्चर्याचे वाटत नाही. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या ६६,४६५ कुटुंबांची १९९१ ते १९९६ ची खाती तपासली. सर्वाधिक उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले, बाजाराने मात्र १७.९ टक्के दिले होते. अमेरिकी पुस्तकांत आपला एसटीटी नसतो, त्यामुळे त्यांतली कोणतीही 'सिस्टिम' इथल्या खर्चावर पुन्हा तपासल्याशिवाय घेऊ नये.

दगड हलतो तो नियमांमुळेही. बँक निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीवर बेतलेल्या पद्धती कितीतरी जण शिकत आणि शिकवत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची साप्ताहिक एक्स्पायरी ठेवायला सांगितले, निर्देशांकाच्या कराराचे किमान मूल्य १५ लाखांवर नेले, आणि नोव्हेंबरात बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी बंद झाली. त्या पद्धती तिथेच संपल्या. शिवाय समोर बसलेला खेळाडूही बदलला आहे. २०२३-२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या संस्थांनी खर्चाआधी सुमारे ३३,००० कोटी, तर परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८,००० कोटी कमावले, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकाच्या अल्गो सौद्यांतून आला. १९९० च्या दशकातल्या पुस्तकाचा लेखक यांच्याशी लढत नव्हता.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाईन यांनी २००९ च्या एका निबंधात मुद्द्याची गोष्ट मांडली. अनुभवातून खरे कसब तिथेच येते, जिथे परिस्थितीत नियमितपणा असतो आणि चुकीची जाणीव लवकर, स्वच्छ होते. पोहताना पाणी लगेच सांगते: हात चुकला की नाकातोंडात जाते. बाजार तसे सांगत नाही. स्टॉपलॉस (तोटा थांबवण्याचा भाव) न लावता धरलेला सौदा उलटून नफ्यात येतो आणि माणूस चुकीचाच धडा गिरवतो. नियमाने घेतलेला सौदा तोट्यात जातो आणि माणूस बरोबर गोष्ट सोडून देतो.

मग जागेवर राहते ते काय? यंत्रणा आणि गणित. इथे सहकाऱ्यांच्या अनुभवाला खरी किंमत आहे. ब्रोकर दुपारी बाजार बंद होण्याआधी इंट्राडे पोझिशन आपोआप स्क्वेअर ऑफ करतो. शेअरांचे 'इन द मनी' ऑप्शन एक्स्पायरीपर्यंत ठेवले तर प्रत्यक्ष डिलिव्हरीची जबाबदारी येते. बाजार उघडतानाच उडी घेतो तेव्हा स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला लागत नाही. हे पुस्तकात एका ओळीत असते, मार बसलेल्या माणसाकडून ऐकले की पक्के होते. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी सुमारे ६ टक्के कोसळला. आदल्याच दिवशी तो ३ टक्क्यांहून अधिक चढला होता. त्या दोन दिवसांत ज्याच्या हाती पोझिशन होती त्याच्याशी तासभर बोलणे हे कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकवते. यंत्रणेची शिस्तशीर माहिती हवी तर पाताळगंगेच्या एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेच्या परीक्षांची अभ्यासपुस्तके आहेत. ती रंजक नाहीत, पण भरवशाची आहेत.

मागचा पाऊल बदलतो का?

तिसरी अट सर्वांत जवळची आणि सर्वांत अवघड. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की माणूस नफ्यातला शेअर घाईने विकतो आणि तोट्यातला उराशी धरतो. लिव्हरमोर यांचा गहू आणि कापूस तो हाच. सेबीच्या अभ्यासातही तोट्यात गेलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक जण पुढेही सौदे करतच राहिले. ठेच लागूनही पाऊल तेच.

म्हणून मनावरची आणि पैशाच्या आकारावरची पुस्तके मला या साऱ्या कपाटातली सर्वांत उपयोगी वाटतात. मनोविकारतज्ज्ञ अलेक्झांडर एल्डर यांच्या १९९३ च्या 'ट्रेडिंग फॉर अ लिव्हिंग'मधला नियम सांगतो, की एका सौद्यात भांडवलाच्या २ टक्क्यांहून अधिक धोका नको. ओळीने दहा सौदे चुकले तरी असा माणूस सुमारे १८ टक्के गमावतो आणि उभा राहतो. दर सौद्यात १० टक्के लावणारा त्याच दहा चुकांत ६५ टक्के गमावतो आणि मूळ रकमेवर यायला त्याला उरलेले पैसे जवळजवळ तिप्पट करावे लागतात. मार्क डग्लस यांचे २००० चे 'ट्रेडिंग इन द झोन' एकच नियम न बदलता सलग वीस सौदे करायला लावते, म्हणजे एका सौद्याच्या निकालावर मन हिंदकळत नाही.

एल्डर यांचा दुसरा आग्रह डायरीचा. सौद्याआधी कारण, नग आणि स्टॉपलॉस लिहायचा. सौद्यानंतर निकाल, खर्च आणि नियम पाळला की मोडला ते लिहायचे. शंभर सौद्यांनंतर बेरीज करायची. समजा शंभरात ७० वेळा सरासरी ५०० मिळाले आणि ३० वेळा १,२०० गेले. जिंकल्यासारखे वाटते, पण ३५,००० आले आणि ३६,००० गेले. त्यावर खर्चाचे ८,००० धरले तर ९,००० चा खड्डा. उलट ४० वेळा १,५०० मिळाले आणि ६० वेळा ८०० गेले, तर खर्च जाऊन ४,००० उरतात. किती वेळा बरोबर आलो, हे गटात सांगायला बरे असते. पैसे मात्र दुसऱ्या हिशेबाने येतात आणि तो हिशेब फक्त स्वतःच्या वहीत सापडतो.

गटाविषयी एक इशारा. निकोलस दारवास या नर्तकाने १९६० च्या पुस्तकात लिहिले आहे, की जगभर फिरताना फक्त तारेने येणाऱ्या भावांवर तो नीट सौदे करत होता. न्यूयॉर्कला येऊन दलालांच्या गजबजाटात बसला आणि पैसे घालवू लागला. सावरला तो पुन्हा दूर गेल्यावर. सहकाऱ्यांशी बोलावे ते संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर आणि वही हातात घेऊन. सौदे चालू असताना दुसऱ्याचा आवाज कानात नको.

या आढाव्यातून माझा निष्कर्ष असा. पुस्तके आणि इतरांचा अनुभव कमी गमवायला शिकवतात, कमवायला शिकवत नाहीत. खर्चाचे गणित, सौद्याचा आकार, यंत्रणेचे नियम आणि स्वतःच्या मनाची खोड, एवढे त्यांच्याकडून पुरेपूर घ्यावे. 'हमखास चालणारी पद्धत' मात्र कुणाकडूनही विकत घेऊ नये. शिकायचेच असेल तर बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम बाजूला काढा, कर्ज काढू नका आणि सर्वांत लहान नगाने शंभर सौदे करून वही उघडा. बेरीज वजा येत असेल तर थांबा. त्यात कमीपणा काही नाही. उलट शंभरातल्या ९३ जणांना न जमलेले शहाणपण तुम्ही स्वस्तात मिळवलेले असेल.

आणि एक विनंती. तोटा झाला असेल तर तो घरी सांगा, मित्रांना सांगा, आकड्यासकट सांगा. पुढचा ओरडला नाही तर मागच्याने शहाणे कसे व्हायचे?